सामाईक वेताळ

हर्षद शिवलकर कधी कुणाच्या अंगावर धावून गेला नाही. रत्नागिरीच्या मांडवीत ही गोष्ट त्याचा गुण म्हणून सांगतात. मी त्याचा वकील असल्यामुळे मला या गुणाची दुसरी बाजूही ठाऊक आहे. समोरच्याने आधी काय ते करावं, मग आपण चहा पीत त्यावर विचार करावा आणि सावकाश असं उत्तर द्यावं की समोरच्याला ते जन्मभर पुरावं, अशी त्याची रीत. एकदा शेजाऱ्याच्या माडाची झावळी त्याच्या पत्र्यावर पडली तेव्हा हा एक शब्द बोलला नाही. पावसाळा गेला, शेजारी झावळी विसरला. मग हर्षदने ती नेऊन त्याच्या दारात ठेवली आणि तिच्यावर फुटक्या पत्र्याचा तुकडा ठेवला. शेजाऱ्याला अर्थ लागायलाच आठवडा गेला.

अशा माणसाला कुणी व्हिडिओ गेम बनवायला बसवू नये. पण तो स्वतःहूनच बसला.

हर्षदचे वडील लवू बोटीवर होते, म्हणून हर्षदही बोटीवर गेला. तेलाच्या जहाजावर इलेक्ट्रिशियन. ड्युटी संपल्यावर बोटीवरची माणसं काय काय करतात याच्या बऱ्याच कथा आमच्याकडे प्रचलित आहेत, पण हर्षद केबिनचं दार लावून लॅपटॉपवर गेम खेळायचा. नुसते गोळीबाराचे नव्हेत. आपण एक पात्र व्हायचं, गावोगाव हिंडायचं, माणसांशी बोलायचं, हत्यारं जमवायची आणि वाटेत येईल त्या राक्षसाशी लढायचं, असे. रोल-प्लेइंग गेम म्हणतात त्यांना. त्यातही त्याला चालायचे ते फक्त टर्न-बेस्ड.

टर्न-बेस्ड म्हणजे काय, हे त्याने मला जयस्तंभाजवळच्या माझ्या ऑफिसात बसून समजावलं. आपण एक वार करायचा नि थांबायचं. मग राक्षस वार करणार नि थांबणार. आपली पाळी आली की आपण हवा तेवढा वेळ घ्यायचा. राक्षस माडाएवढा असो, हातात कुऱ्हाड असो, तो जागच्या जागी झुलत आपली वाट बघत राहतो.

"बोटीवर तेच बरं पडतं, वकीलकाका," तो म्हणाला. "मधेच अलार्म वाजतो. खाली जायचं, पंप बघायचा, जेवायचं, झोपायचं. परत येऊन बघावं तर राक्षस हाय तिथंच. माणसांपेक्षा बरा."

मी सगळा जन्म दिवाणी वकिलीत घालवला आहे. मला हे समजायला वेळ लागला नाही. आमच्याकडे वादी वार करतो, प्रतिवादी मुदत मागतो, आणि कुऱ्हाड तशीच वर धरलेली असताना दोघेही कँटीनमध्ये एकाच बाकावर बसून वडे खातात. पाळी येईपर्यंत कुणी कुणाला हात लावत नाही. पाळी आली की मात्र सोडत नाही.

आता स्वरूपबद्दल सांगायला हवं. स्वरूप हा हर्षदचा सख्खा चुलतभाऊ, बाबूचा मुलगा. लवू आणि बाबू यांच्या घराची वाटणी मीच करून दिली होती. घर मधोमध कापलं, माड मोजून घेतले, विहीर तेवढी सामाईक राहिली. आमच्या भागात कुठलीही वाटणी घ्या, काहीतरी सामाईक राहतंच. लोक वाटणी करतात ती भांडण मिटावं म्हणून, आणि काहीतरी सामाईक ठेवतात ते भांडण अगदीच संपू नये म्हणून. त्या विहिरीच्या पंपावरून लवू आणि बाबू मरेपर्यंत एकमेकांशी बोलले नाहीत. पोरं मात्र त्याच विहिरीच्या कठड्यावर बसून एकत्र वाढली, एकमेकांच्या पाठीत धपाटे घालत.

स्वरूपचं मारुती मंदिराजवळ कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. हर्षदचा जितका स्वभाव थंड, तितका याचा तापट. गिऱ्हाइकाचं वाक्य पुरं होण्याआधी याने मशीन उघडलेलं असतं, बरेचदा चुकीच्या बाजूने. त्यालाही गेमचं वेड, पण रिअल-टाइमचं. म्हणजे राक्षस आला की आला. तो थांबणार नाही, तुम्हीही थांबायचं नाही. पळा, चुकवा, हाणा. विचार करायचाच असेल तर पळता पळता करा. मिरकरवाड्यावर मासळीचा लिलाव ज्याने पाहिला आहे त्याला हे वेगळं समजवायला नको. पापलेटाची टोपली समोर आली आणि तुम्ही विचार करत बसलात, तर ती टोपली दुसऱ्याच्या टेम्पोत चढलेली असते.

हर्षदने बोट सोडली आणि घरी येऊन जाहीर केलं की आपण गेम बनवणार. नाव 'वेताळवाडी'. त्याच्या आईने, दमयंतीवहिनींनी, आधी ते थट्टेवारी नेलं. महिने गेले तसं त्यांना कळलं की पोरगा बोलतोय ते करतोय. मग त्या माझ्याकडे आल्या.

"भावजी, लोक विचारतात मुलगा काय करतो. मी काय सांगू? वेताळ करतो म्हणून सांगू?"

मी म्हटलं, वकिली करतो म्हणून सांगा, फार फरक नाही. त्यांना ते आवडलं नाही.

हर्षदचं मात्र एकच मागणं होतं, ते तो मला आणि आईला सारखं सांगायचा. "एवढा एक गेम पुरा होऊंदे. चार अनोळखी माणसांनी तो खेळलेला बघितला की पुन्हा बोटीवर जा म्हणालात तरी जाईन." सदतीस वर्षांच्या माणसाने एवढंच मागावं याचं मला तेव्हा हसू आलं होतं. पण बोटीवर वर्षानुवर्षं पाळ्या भरताना त्याने याच्याशिवाय दुसरं काही मनात धरलं नव्हतं, हेही खरं.

गेम चांगला होता. मला त्यातलं कळत नाही, पण वाडी बघून कळत होतं. जांभ्याच्या पायऱ्यांची पाखाडी, माडांच्या बागा, खाडीचं गढूळ पाणी, देवळाच्या मागे वड. खेळणाऱ्याने व्हायचं ती चिमा नावाची म्हातारी. हातात कोयती, पदर खोचलेला. वेताळ रात्री भुतावळ घेऊन फेरीला निघतो, त्या फेरीत तिची बकरी गेलेली असते, ती आणायला ती निघते. वाटेत हडळ, मुंजा, देवचार, नाना तऱ्हेची भुतं. शेवटी वेताळ. गोष्ट हर्षदची, चित्रं स्वरूपची. दोघे संध्याकाळी दुकान बंद करून बसायचे आणि स्वरूपची बायको वैष्णवी त्यांना चहा नेऊन नेऊन दमायची. तोवर सगळं गोडीगुलाबीत चाललं होतं, कारण तोवर गेममध्ये कुणी कुणाशी लढत नव्हतं.

लढाईची वेळ आली आणि घोडं पेंड खाऊ लागलं.

"वेताळ समोर उभा नि म्हातारी विचार करतेय," स्वरूप म्हणाला. "वेताळ काय तिची वाट बघत उभा राहील? त्याला दुसरा धंदा नाय?"

"नि सत्तरीची म्हातारी उड्या मारील?" हर्षद म्हणाला. "गुडघे बघ तिचे. तूच काढलेयस."

"तुझी लढाई चालू झाली की माणसाला झोप येते, मेल्या."

"तुझ्या लढाईत बटणं बडवेल तो जिंकतो. त्याला अक्कल कशाला हवी?"

हे एक संध्याकाळ चाललं असतं तर मी इथे लिहिलं नसतं. हे दोन वर्षं चाललं. मांडवीच्या किनाऱ्यावर फिरायला येणाऱ्या पेन्शनरांनाही पाठ झालं होतं. कुणी टर्न-बेस्डवाले झाले, कुणी रिअल-टाइमवाले. कुणाच्याच घरी गेम नव्हता. माणसाला बाजू घ्यायला आवडतं, त्यासाठी विषय कळलाच पाहिजे अशी आमच्याकडे अट नाही.

एकदा वैष्णवी वैतागून म्हणाली, "लढाई चालू राहूंदे, पण एक बटण दाबलं की सगळं थांबेल असं करा. ज्याला विचार करायचाय त्याने थांबवावं, ज्याला पळायचंय त्याने पळावं. असे गेम आहेत, मी बघितलेत." या प्रकरणात कुणाच्या तोंडून निघालेलं हे पहिलं आणि शेवटचं शहाणपणाचं वाक्य. त्यावर दोघे भाऊ एका सुरात म्हणाले, "ते धड हे नाय नि धड ते नाय." दोन वर्षांत त्यांचं एकमत झालं ते एवढ्यावरच. वैष्णवीने त्या दिवसापासून चहा देणं बंद केलं.

मग ते माझ्याकडे आले. दोघे एकाच स्कूटरवरून आले, हे मुद्दाम सांगतो.

"वकीलकाका, आमची वाटणी करून द्या."

"वाटणी तर झाली की तुमच्या वडिलांची. आता कसली?"

"गेमची," हर्षद म्हणाला.

मी हसलो. ते हसले नाहीत. मग लक्षात आलं की ही पोरं आपल्या बापांची पोरं आहेत, आणि मी कागद ओढला.

वेताळवाडीच्या मधोमध, खाडीपासून देवळापर्यंत, जांभ्याचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, घालायचं ठरलं. गडग्याच्या पश्चिमेला हर्षद, पूर्वेला स्वरूप. पश्चिमेला लढाई पाळीपाळीने, पूर्वेला पळता पळता. गडग्याला मधे एक खिंडार, त्यातून म्हातारीने ये-जा करायची. म्हणजे पश्चिमेला चिमा एक वार करून कमरेवर हात ठेवून उभी राहणार आणि खिंडारातून पलीकडे गेली की तीच चिमा कोलांट्या उड्या घेणार. गुडघ्यांचं काय, असं मी विचारलं. "तो त्याच्या हद्दीतला प्रश्न," हर्षद म्हणाला. माड मोजले. हडळ हर्षदकडे गेली, कारण ती वाट बघणारी. मुंजा स्वरूपकडे गेला, कारण तो झाडावरून उडी घालणारा. एका फणसावरून अर्धा तास गेला. त्याच्या फांद्या एकीकडे नि मूळ दुसरीकडे होतं. खऱ्या फणसावरून मी याहून कमी वेळात तडजोडी घडवल्या आहेत.

राहता राहिला वेताळ. वेताळ म्हणजे साऱ्या वाडीची शीव फिरणारा, त्याची फेरी दोन्हीकडून जाणार. तो कुणाच्या वाट्याला घालायचा? शेवटची लढाई त्याचीच. गेम त्याच्यासाठीच खेळायचा. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"वेताळ सामाईक," हर्षद म्हणाला.

"सामाईकच," स्वरूप म्हणाला.

त्यांना ते कुणी शिकवलं नव्हतं. विहिरीचं पाणी प्यालेली पोरं, दुसरं काय म्हणणार? मी लिहिलं: वेताळ उभयतांचा सामाईक राहील, आणि एकाच्या संमतीवाचून दुसऱ्याने त्यास हात लावू नये. सह्या झाल्या. या कागदाला कायद्यात किती किंमत आहे असं कुणी विचारलं असतं तर मी खरं सांगितलं असतं. कुणी विचारलं नाही. दोघे त्याच स्कूटरवरून परत गेले.

त्यानंतर कामाने वेग घेतला. गडग्याच्या अलीकडे पलीकडे दोघेही ईर्षेने राबले आणि दोन्ही अर्धे झकास झाले. हर्षदच्या बाजूला हडळीला हरवायला म्हातारीला डोकं लढवावं लागे. स्वरूपच्या बाजूला मुंजाने पहिली उडी घातली तेव्हा मी माझ्याच ऑफिसात खुर्चीसकट मागे सरकलो. वेताळ मात्र देवळाच्या पायरीवर नुसता उभा होता. म्हातारी जवळ गेली की काहीच व्हायचं नाही. ती त्याच्या पायांतून आरपार जायची.

बंगळुरूच्या एका कंपनीने असे नवे गेम मागवले होते. स्वरूपने वेताळवाडी पाठवली. हर्षद म्हणाला होता, पुरी होऊंदे मग बघू. कंपनीतल्या बाईंचा फोन आला, त्या मूळच्या सांगलीच्या निघाल्या. व्हिडिओ कॉलला मलाही बसवलं होतं, कागद माझा म्हणून.

"तो गडगा," बाई म्हणाल्या, "आमच्या ऑफिसात सगळे त्याच्याबद्दल बोलतायत. तो ओलांडला की लढायची पद्धतच बदलते. हे सुचलं कसं तुम्हाला?"

स्वरूपने हर्षदकडे बघितलं. मग हर्षद म्हणाला, "घरातनंच आलं."

बाईंनी अट घातली ती एकच. वेताळाची लढाई गणपतीच्या आत पुरी करून द्यायची. पाळीपाळीची करा नाहीतर पळापळीची करा, आम्हाला दोन्ही चालेल, कुठलीही एक. मग आम्ही गेम बाहेर काढतो.

झालं. हर्षदचं सगळं आयुष्य आता एका होकारावर येऊन थांबलं होतं. त्याने स्वरूपला 'तुझ्या पद्धतीने कर' म्हणायचं, किंवा स्वरूपने त्याला. सात पावलांवर दोघांची दारं. आषाढ गेला, श्रावण लागला, कुणी बोलेना. मी हर्षदला बोलावून घेतलं.

"त्याने विचारूंदे," तो म्हणाला. "विचारलंन तर मी हो म्हणणाराय. त्याची पद्धत घे म्हणणाराय."

"खरंच?"

"होय तर. वेताळ धावत आला तर बरा दिसेल, ते मलाही कळतं. पाळीपाळीने करायचं तर फेरी थांबवावी लागते."

"मग जा आणि तसं सांग त्याला."

"मी कशाला? मागच्या वेळी मी बोललो होतो. आता पाळी त्याची."

"मागच्या वेळी काय बोलला होतास?"

"'नाय' म्हणून बोललो होतो."

मी त्याला जायला सांगितलं. माझ्या टेबलावर खून, मारामाऱ्या यांचे कागद येत नाहीत, पण अशा वेळी ते का होतात हे समजतं.

स्वरूपने विचारलं नाही. स्वरूप विचारणाऱ्यातला नव्हे. त्याने दुकानाला सुट्टी टाकली, आठवडाभर खोलीत बसला, वेताळ उठवला आणि गेम पुरा करून एकाच वेळी कंपनीला आणि हर्षदला पाठवून दिला. सोबत एक ओळ: बघ कसा झालाय.

पुढचं मला दमयंतीवहिनींनी सांगितलं. हर्षदने दुपारी ते उघडलं आणि जेवायला उठला नाही. आतून खुर्ची सरकल्याचे आवाज येत होते. मधेच तो मोठ्याने हसला. वहिनी दारातून डोकावल्या तर पोरगा उभा राहून खेळत होता, आणि वहिनी म्हणाल्या की लवू गेल्यापासून त्यांनी त्याला इतकं खुशीत बघितलं नव्हतं. संध्याकाळी तो माझ्याकडे आला. केस विस्कटलेले, शर्टाची बटणं खालीवर.

"वेताळ देवळाच्या पायऱ्या उतरतो, मशालींसकट," तो सांगू लागला, "आणि थांबतच नाय. म्हातारी पळतेय, मागं सगळी भुतावळ. गडग्याच्या खिंडारात शिरली की वाटतं सुटली. तर तो गडगाच पाडतो, वकीलकाका. गडगा पाडतो नि येतो. मी कितीदा मेलो असेन."

"कसा झालाय?"

"फस्क्लास."

मीही खूश झालो, खोटं कशाला बोलू. एवढ्या वर्षांत माझ्या हातची एक वाटणी तरी कामाला आली असं वाटलं. मी चहा सांगितला. चहा आला, हर्षदने तो सावकाश प्यायला, कप बशीत उलटा ठेवला आणि म्हणाला, "नोटीस काढा."

"कसली?"

"त्याने विचारलं नाय. कागदात लिवलंय."

मी त्याला समजावलं. आधी शांतपणे, मग ओरडून. म्हटलं, अरे, तू हो म्हणणारच होतास ना? "विचारलंन असतं तर." म्हटलं, कंपनीला नोटीस गेली की ती लोकं पाठ फिरवतील. "फिरवूंदेत." म्हटलं, चार अनोळखी माणसांनी गेम खेळायचा होता ना तुला? त्यावर तो खिडकीबाहेर बघत राहिला, आणि मला वाटलं आता वितळतो. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे तर सुंभही अजून जळायचा होता. "आज वेताळ घेतलंन," तो म्हणाला, "उद्या हडळीला हात लावील." मी नाही म्हटलं असतं तर तो जिना उतरून समोरच्या वकिलाकडे गेला असता. रत्नागिरीत वकिलांची टंचाई नाही.

नोटीस गेली, स्वरूपला आणि कंपनीलाही. कंपनीचं उत्तर अगदी सभ्य होतं: आपसात मिटलं की कळवा. गणपती आले आणि गेले. शिवलकरांच्या दोन घरांत दोन आरत्या झाल्या, एकमेकींचा आवाज बुडवतील अशा मोठ्याने.

अनंत चतुर्दशीनंतर स्वरूप एकटाच आला, चालत. मला वाटलं उलटी नोटीस काढायला आला. मी तयारच होतो. तो म्हणाला, "सगळं त्याच्या नावावर करून द्या. माझा अर्धा, नि वेताळ पण. हक्कसोड का काय म्हणतात ते."

"का रे? भांडून मिळेल तुला."

"मला वाटलं होतं बघून खूश होईल," स्वरूप म्हणाला.

"झाला होता. माझ्यासमोर झाला होता."

"मला नोटीस मिळाली," तो म्हणाला.

मी मजकूर तयार केला, त्याने न वाचता सही केली आणि दुकानात एक प्रिंटर उघडून ठेवलाय म्हणून निघून गेला. जन्मात पहिल्यांदा मला तो पोरगा दमलेला दिसला. मला हर्षदचा इतका राग आला की तो कागद मी पोस्टाने पाठवला, हातात देण्याची इच्छा झाली नाही.

आता वेताळवाडी सगळी हर्षदची. गडगा त्याचा, फणस फांद्यांसकट त्याचा. कंपनीनेही बरं वागायचं ठरवलं होतं; वाद मिटला असेल तर दिवाळीपर्यंत पाठवा, वेताळ कसाही करा, म्हणाल्या बाई. बातमी मांडवीत पसरली तेव्हा किनाऱ्यावरचे टर्न-बेस्डवाले पेन्शनर जिंकल्यासारखे हिंडले. दमयंतीवहिनींनी पेढे ठेवले. पोराला हवं होतं ते सगळं मिळालं होतं, आणि मधे कुणीही उरलं नव्हतं.

दिवाळीच्या आठवडाभर आधी तो ऑफिसात आला आणि समोरच्या खुर्चीत बसला. मी कामात असल्याचं सोंग केलं. त्याला थांबायची सवय आहे, तो थांबला. शेवटी मीच विचारलं.

"झाला का वेताळ?"

"केला. त्याचा काढला नि माझा घातला. पाळीपाळीचा."

"थांबतो?"

"थांबतो. म्हातारी वार करते नि मग तो उभा राहतो. मी उठतो, जेवतो, आईची औषधं आणतो, तो उभाच. परत येऊन बसतो तर माझ्याकडं बघत असतो. मला पुढचा वार करवत नाय."

"मग स्वरूपचा होता तो परत घाल."

"घातला होता. तो धावत येतो, पण कुणाशी भांडू? चुकलं तर सांगू कुणाला?" त्याने पिशवीतून मी पोस्टाने पाठवलेला कागद काढून टेबलावर ठेवला. "वकीलकाका, हक्कसोडाला हरकत घेता येते काय?"

"तुझ्याच नावावर झालेल्या?"

"होय."

"नाही घेता येत. स्वरूप दुकानात असेल आत्ता. उठ आणि जा."

तो उठला नाही. त्याच्या चेहऱ्यावर काय चाललं होतं ते मला दिसत होतं. त्याला जायचं होतं, आणि पाय कसे उचलायचे हेच त्याला कुणी शिकवलं नव्हतं. शिकवणार कोण, लवू? मला त्याचा राग आला होता तो कुठे गेला कळलं नाही.

"नोटीस काढली तर येईल काय तो?" हर्षदने विचारलं.

मी कोरा कागद पुढे ओढला. स्वरूपचं नाव, दुकानाचा पत्ता घातला आणि पेन थांबलं. आजवर हजारो नोटिसा लिहिल्या, तक्रारीचं कारण काय घालायचं ते कधी अडलं नव्हतं. मी त्यालाच विचारलं.

तो बराच वेळ विचार करत बसला. मग म्हणाला, "लिवा, वेताळ एकट्याला आवरत नाय."